पीआरच्या फॉर्मवरची सही

बनावट सहीच्या तक्रारी मी नोकरीत कितीतरी हाताळल्या. बहुतेक विसरलो. ही एक आठवली की मात्र आजही डोकं तापतं.

मी सिंगापूर पोलीस दलात तपास अधिकारी होतो. एका खासगी उच्चशिक्षण संस्थेच्या विभागप्रमुखाने तक्रार दिली. त्याच्या हाताखालच्या परदेशी प्राध्यापिकेने पीआरच्या, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जासोबतच्या फॉर्मवर त्याची खोटी सही केली, असं त्याचं म्हणणं. या फॉर्मवर नोकरी देणाऱ्याची सही लागते, आणि त्या संस्थेत तो अधिकार त्याच्याकडे होता.

प्राध्यापिका मूळची नागपूरची. बुकित पंजांगला मुलीसोबत राहायची, सहा वर्षं शिकवत होती. चौकशी इंग्रजीत झाली. मी सरळ म्हणालो, "कबूल करा, सोपं जाईल."

"सही त्यांनी माझ्यासमोर केली," ती म्हणाली. मी तीनदा फिरवून विचारलं, तिन्ही वेळा तेवढंच उत्तर. रचून सांगणारा माणूस दर वेळी तपशील वाढवतो. तिने एक शब्दही वाढवला नाही.

जबाबावर सही करताना माझ्या कार्डावरचं आडनाव वाचून ती मराठीत म्हणाली, "साहेब, मला सूट नको. फक्त त्यांना विचारा, माझ्या शोधनिबंधावर त्यांना स्वतःचं नाव का हवं होतं? मी नाही म्हटलं आणि आठवड्यात ही तक्रार आली."

विभागप्रमुखाला बोलावलं. "फॉर्मवर तारीख शुक्रवारची आहे. त्या दिवशी मी इंडोनेशियात, बाटम बेटावर होतो," तो म्हणाला. इमिग्रेशनची नोंद मागवली. स्वारी हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून फेरीबोटीने गुरुवारी गेली होती आणि गुरुवारीच संध्याकाळी परतली होती.

"तारखेत गल्लत झाली," तो हसून म्हणाला.

त्याचं खोटं पकडलं, पण तेवढ्यावरून सही त्याचीच ठरत नव्हती. त्याच्या ऑफिसातल्या मलाय सेक्रेटरीला विचारलं, तर ती त्याच्या केबिनच्या दाराकडे बघत म्हणाली, "आठवत नाही."

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती आपणहून ठाण्यात आली. तिने फोन माझ्यापुढे धरला. त्या शुक्रवारी त्याने तिला मेसेज केला होता: 'तिच्या पीआरच्या फॉर्मवर आत्ताच सही केलीय. संस्थेचा शिक्का मारून तिला दे.'

"नोकरी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "आठवत नाही म्हटल्यापासून मला अन्न जात नाही."

मेसेज दाखवल्यावर त्याचं हसू गेलं. "अशा लोकांना नोकरी मी दिली. एक नाव घालायला तिचं काय जात होतं?" चोर-लफंग्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी टेबलाखाली मुठी आवळून बसलो.

खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, शिक्षाही झाली. पण तक्रार येताच संस्थेने तिला काढून टाकलं होतं. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, रद्द; पीआरचा अर्जही बाद. ती निर्दोष आहे हे मी संस्थेला कळवलं, तर उत्तर आलं, ती जागा भरली आहे. जणू हरवलेल्या छत्रीची चौकशी केली होती!

तिला फोन केला तेव्हा ती फ्लॅट रिकामा करत होती. मागून मुलगी सिंगापुरी ढंगात ओरडली, "ममा, मूव्हर्स आले लाह!"

"साहेब, मी निर्दोष आहे हे लिहून मिळेल का?" तिने विचारलं. "पुढच्या नोकरीत विचारतील."

पत्र मी मिळवून दिलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

राग त्या माणसाचा येतो, संस्थेचा येतो, आणि स्वतःचाही येतो. तक्रारदाराचं पद बघून मी आधी तिलाच कबूल करायला सांगितलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, हाताखालच्या माणसाविरुद्ध कोणी तक्रार घेऊन आला की मी पहिला प्रश्न त्यालाच विचारायचो: "या माणसाचं काय काय तुमच्या हातात आहे?"