रुळांची उंची

अन्याय झाला माझ्या आत्यावर. उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, पहिल्या रविवारी, सकाळी, सेव-उसळीच्या ताटल्या अजून हातात असताना, बडोद्याच्या गोत्री भागातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. करणारे माझे बाबा. बघणारे आई, मी आणि समोरच्या फ्लॅटमधले गुजराती काका. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या खोलीत कुणी आवाज चढवला नाही, आणि आवाज चढला नाही की काही घडलंच नाही असं लोक धरून चालतात.

आत्या बाबांची मोठी बहीण. लहानपणापासून तिच्या पायांत जोर नाही, आता चाकांची खुर्ची आहे. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेत, अरुंद गल्लीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर तिची किती वर्षं गेली. उतरायचं म्हणजे दोघांनी उचलायचं, म्हणून ती उतरतच नसे. इथे लिफ्ट आहे, म्हणून ती आमच्याकडे आली. मी सरकारी इमारतींना उतार बांधा म्हणून पत्रकं वाटते, सह्या गोळा करते, साहेबांच्या दारात बसते. लोकांना वाटतं, त्याचं कारण आत्या. तिला हे अजिबात आवडत नाही. "मी कारण-बिरण नाही गं," ती म्हणते, "मी तुझी आत्या आहे."

बाबा सोमवार ते शनिवार कारखान्यात असतात आणि रविवारी आगगाडी चालवतात. मागच्या खोलीत प्लायवूडच्या मोठ्या फळीवर त्यांनी रूळ टाकलेत. इंजिन वितीएवढं, मागे चार डबे. वाळू चाळून, पातळ केलेल्या गोंदाने चिकटवून रुळांमधली खडी केली. वर्तमानपत्रं आणि प्लास्टर यांचा डोंगर, त्यातून बोगदा. उत्तरायण झालं की गच्चीवर फाटक्या पतंगांचा ढीग पडतो. गेल्या वर्षीच्या ढिगातल्या कामट्या सोलून तारेचे खांब झाले आणि उरलेला मांजा त्या खांबांवर तारा म्हणून ताणला. आणि झाडं? झाडं सगळी आत्याची. वाळलेल्या तुळशीच्या काड्या, भांडी घासायच्या स्पंजाचा चुरा, हिरवा रंग. जेवणाच्या टेबलापाशी बसून तिने अख्खं रान उभं केलं. ओली झाडं ताटात वाळत पडायची आणि आई ओरडायची, "वन्सं, कोशिंबीर कशात वाढू आता?"

त्या रविवारी गाडी पहिल्यांदा पूर्ण फेरी मारणार होती. आईने नारळ वाढवला, इंजिनाला हळदकुंकू लावलं. बाबांनी बटण फिरवलं. गाडी निघाली, बोगद्यात शिरली, बाहेर आली. काकांनी टाळ्या वाजवल्या. "वाह भाई, एकदम असल!"

आत्या दाराशी होती. मी तिच्या शेजारी वाकले आणि तिच्या डोळ्यांना काय दिसतंय ते पाहिलं. फळीची खालची बाजू. मिस्त्रीच्या पेन्सिलच्या खुणा. चिकटपट्टीत गुंडाळलेल्या तारा. त्याखाली आईची गव्हाची बुटकी पिंपं.

"आवाज छान येतोय रे," आत्या म्हणाली.

कुणी ऐकलं नाही.

फळी एवढी उंच का, तर बाबांनी कुठेतरी वाचलं होतं की रूळ डोळ्यांच्या रेषेत हवेत. वरून पाहिलं की खेळणं दिसतं, समोरून पाहिलं की गाडी. म्हणून फळी त्यांच्या खांद्याला लागेल एवढी. काम करताना ते स्वतः पाटावर उभे राहत. आईचंही त्यात काम झालं होतं. खोली देताना तिची अटच होती: खाली पिंपं आणि पाहुण्यांच्या गाद्या राहतील, तरच वर काय हवं ते करा. दोघांनी मिळून तह केला. आत्याला कुणी विचारलं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. साहेब लोकांच्या मनातही नसतं.

मी त्याच दिवशी बोलले, फळी खाली घ्या म्हणून. बाबा म्हणाले, "करू काहीतरी, तू बस ने जरा."

मग सुरू झालं काहीतरी. एका रविवारी त्यांनी छताला तिरका आरसा बांधला. आरशात गाडी उलटी धावायची आणि आत्याची मान दुखायची. दुसऱ्या रविवारी मोबाईलवर चित्रण करून तिच्या हातात दिलं. "टीव्हीवर तर मला काश्मीरसुद्धा दिसतं," ती म्हणाली. मग काका मदतीला आले, दोघांनी मिळून खुर्ची उचलायला. "बेन, आम्ही बे जणा खुर्ची ऊंची करू, पाच मिनिट नो खेल!"

"भाई, मी पालखी नाही. आणि पाच मिनिटांनी परत खालीच ठेवाल ना?"

या सगळ्या रविवारी बाबांना सिग्नलला दिवे लावायला वेळ मिळाला. मांडवीच्या बाजारातून बारीक दिवे आणून स्टेशनात उजेड करायला मिळाला. फळीचे पाय कापायला मिळाला नाही. विचारलं की कंबर पुढे यायची. फळी खाली आली तर खालच्या तारांसाठी जमिनीवर आडवं व्हावं लागेल, आणि त्यांची कंबर खरंच वाईट आहे. खोटं ते बोलत नव्हते.

मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं, वर 'आमच्या मागण्या', खाली तीन मुद्दे, आणि फ्रिजवर चिकटवलं. आत्याने ते वाचलं आणि मला हाक मारली.

"पुढारीणबाई, 'आमच्या' म्हणजे कुणाच्या?"

"तुझ्या."

"मग मला तोंड आहे. काढ ते."

मी काढलं.

त्यानंतरच्या रविवारी जेवणं झाल्यावर आत्या स्वतः मागच्या खोलीत गेली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तिने मला आणायला सांगितली आणि आपल्या शेजारी ठेववली.

"ये रे, बस इथे. चालव गाडी."

बाबा हसत बसले. आता त्यांच्या डोळ्यांसमोर फळीची कड होती. हात वर करून त्यांनी चाचपडत बटण फिरवलं. गाडी निघाल्याचा आवाज आला. मग बोगद्याच्या बाजूला खट्ट झालं आणि आवाज थांबला. बाबा ताडकन उठायला लागले.

"बस," आत्या म्हणाली. "उठायचं नाही."

"अगं ताई, डबा घसरला असेल."

"असेल. मला कसं कळणार? तुला कसं कळणार? बस."

ते बसले. वर इंजिन कुठेतरी अडकून गुणगुणत होतं. बाबा फळीच्या कडेकडे बघत राहिले, मग तारांकडे, मग पिंपांकडे. कपाळावर घाम आला होता. आपलं इंजिन जळेल ही भीती मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"डोळ्यांच्या रेषेत असं लिहिलं होतं ना?" आत्याने विचारलं. "कुणाच्या डोळ्यांच्या, ते नव्हतं लिहिलं?"

बाबांनी हात वर करून बटण बंद केलं. मग ते बसल्या बसल्या म्हणाले, "टेप आण गं." मी मोजपट्टी आणली. त्यांनी ती जमिनीपासून आत्याच्या हनुवटीपर्यंत धरली. आत्या पोस्टात आधार कार्डाचा फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली.

दारात आई उभी होती. "आणि वन्सं, तुमची खुर्ची फळीखाली शिरणार, मग माझ्या गव्हाचं काय?"

"माझ्या पलंगाखाली ठेव."

हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. जिच्यावर अन्याय झाला, तिनेच आपली जागा देऊन तो मिटवायचा? मी तोंड उघडलं. आत्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. पिंपं तिच्या पलंगाखाली गेली. गाद्या मात्र मी माझ्या खोलीत घेतल्या.

फळीचे पाय कापायला पुढचा अख्खा रविवार गेला. एक पाय जरा जास्तच कापला गेला आणि डबे आपोआप स्टेशनाकडे घरंगळायला लागले. बाबांनी त्याखाली लाकडाची चकती सारली. तारांसाठी फळीला मागून बिजागऱ्या लावल्या, म्हणजे ती पुढून उचलता येते. कंबर तरीही दुखते आणि ते तसं दर रविवारी सांगतात.

आत्या पुढे आली. पहिल्यांदा तिने गाडी चालवलीच नाही. नुसतं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"माझी चिंच स्टेशनाच्या तोंडावर कुठल्या शहाण्याने लावली?"

"मला काय माहीत ती चिंच आहे!" बाबा म्हणाले.

"विचारायचं. आणि हा डोंगर इतका हिरवा? बडोद्यात राहतोस ना तू?" मग तिची नजर पुलावर थांबली. दोन फलाटांना जोडणारा, काड्यापेटीच्या काड्यांचा, बाबांचा लाडका पूल. "याला दोन्हीकडे जिनेच. मी पलीकडच्या फलाटावर कशी जाऊ?"

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि फळीवरच उताराची रेघ मारायला घेतली. आत्या शेजारी बसून सांगत होती: इतका चढ नको, हात भरून येतात, मध्ये सपाट जागा ठेव. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं. दुपार कलली तरी दोघं तिथेच होती.

मी इतकी वर्षं पत्रकांत लिहीत आले की उतार बांधा. चढ किती हवा, हे मात्र त्या दुपारी खुर्चीतल्या बाईने सांगितलं, तेही फळी तिच्यासमोर आली म्हणून. आधी दिसायला हवं, मग चूक काढता येते.

तेव्हा आता तुम्ही. तुमची बँक, पोस्ट, दवाखाना, सोसायटीचा सूचनाफलक, यातलं एक निवडा. उद्या तिथे एक खुर्ची घेऊन जा आणि तिच्यावर बसा. उठायचं नाही. बसून दिसत नसेल, हात पोचत नसेल, तर तिथल्या तिथे कागद मागा, 'हे खाली आणा' असं लिहा, सही करा आणि कागद दिल्याची पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका.