उलटा हात

गुरुलिंगसारखा भित्रा माणूस मी अख्ख्या सोलापुरात दुसरा पाहिला नाही. आमच्याच गल्लीत राहायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. दिवसभर यंत्रात हात घालणारा हा गडी यंत्रांनाच भ्यायचा. कुठल्याही लोखंडाला हात लावण्याआधी उजव्या हाताची मागची बाजू हळूच टेकवून बघायचा. मी चिडवायचो, बायकोलाही असाच हात लावतोस का रे? तो कधी हसला नाही.

त्याचं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं. तो नवीन असताना शेजारच्या मागावर महिपती नावाचा विणकर होता. मागाच्या लोखंडात करंट उतरला होता आणि महिपतीनं दांडा तळहातानं धरला.

"मूठ मिटली की करंट सोडत न्हाय," गुरुलिंग म्हणाला. "उलटा हात लावला तर झटका बसून हात लांब जातो. महिपती माज्याकडं बगत हुता, आन मी काठी हुडकत हुतो."

काठी सापडली, पण उशिरा.

अशा माणसानं विजेवरची खेळाची पेटी करायला घ्यावी, याला काय म्हणावं? सत्त्याहत्तर साली तो मागाचे सुटे भाग आणायला मुंबईला गेला होता. तिथं एका प्रदर्शनात त्यानं नाणं टाकून खेळायचं यंत्र पाहिलं. काचेआड रस्ता पळतो आणि आपण स्टिअरिंग फिरवून मोटार रस्त्यावर ठेवायची. परत आल्यावर त्यानं टॉवेलांचे गठ्ठे बांधायच्या खाकी कागदावर तसलंच यंत्र काढून मला दाखवलं. मी पाट्या रंगवणारा पेंटर, नाव श्रीमंत, बाकी सगळा आनंदच. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, पेटी लावायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

चादरीचा लांब पट्टा घेऊन त्याची दोन टोकं शिवली, तो दोन रुळांवर चढवला आणि जुन्या टेबल फॅनची मोटर त्याला जोडली. पट्ट्यावर मी बार्शीचा रस्ता रंगवला, चिंचेच्या झाडांसकट. रस्त्याच्या दोन्ही कडांना तांब्याची तार होती. पत्र्याची इवलीशी मोटार तारेला घासली की घंटा वाजायची आणि खेळ संपायचा.

पण करताना गुरुलिंगचा जीव टांगणीला लागलेला असायचा. खाकी कागदावर जिथं जिथं करंट, तिथं त्यानं तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली होती आणि त्या रेघा तो कमी कमी करत होता. घंटा सेलवर घेतली. स्टिअरिंग लाकडाचं केलं. नाणं टाकायची फटसुद्धा लाकडातच कोरली. मोटर आणि वरचा दिवा, एवढंच लाईनवर राहिलं. त्यांची वायर पुढच्या फळीला आतून ठोकलेली होती, ती त्यानं तीनदा उचकटून तपासली. कुणाचं तरी लेकरू या पेटीला चिकटेल, या भीतीनं त्याला घास गिळेना. हे बघून त्याची बायको दानम्मा घाबरली आणि तिनं सिद्धेश्वराला नवस बोलला. पेटी कुणाला न धरता उभी राहिली, तर ती ओलेत्यानं दंडवत घालणार होती आणि तिनं आपल्या हातानं पेटीची पूजा केल्यावरच खेळ सुरू होणार होता.

घोडं अडलं ते माझ्यामुळं. लाकूड रंग पितं, चित्र उठत नाही. मी हट्ट धरला की पुढच्या फळीवर पत्रा लाव. तो नको म्हणाला. मी त्याला भागूबाई म्हणालो, आणखीही बरंच बोललो. शेवटी तो एका अटीवर तयार झाला: खिळे अर्ध्या इंचाचे आणि ठोकणार तोच. त्यानं ते ठोकले आणि अनवाणी उभं राहून उलट्या हातानं सगळा पत्रा चाचपला.

संक्रांतीच्या सकाळी होम मैदानावर पेटी हातगाडीवरून उतरवली, तेव्हा पत्र्याचा एक कोपरा उचकटलेला होता. नेमका मी पेंटर म्हणून माझं नाव घातलेला. गुरुलिंग लाईन जोडून घ्यायला गेला होता. हाताशी दोन इंची खिळा होता, तोच मी ठोकला आणि खिळ्याच्या डोक्यावर हिरवा रंग फिरवला. मिनिटाचं काम. अट माझ्या ध्यानातही आली नाही.

तो आला, बटण दाबलं, रस्ता पळायला लागला. त्यानं उलटा हात टेकवला. काहीच नाही. पायात रबरी चपला होत्या आणि खाली कोरडं पोतं.

तेवढ्यात दानम्मा आली. तळ्यात बुडी मारून, दंडवत घालून, ओल्याच लुगड्यात, अनवाणी, हातात हळदीकुंकवाचं ताट. पायाखाली पाण्याचं थारोळं होत होतं. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि पत्र्याकडं नेलं.

गुरुलिंगनं तिचे पाय पाहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"निल्लु," तो कानडीत म्हणाला. थांब. दानम्माचं बोट वितीवर थांबलं.

त्यानं चपला काढल्या. तिला मागं सारून तिच्या पावलांच्या पाण्यात उभा राहिला. मी हसून म्हणालो, अरे, आत्ताच तर बघितलंस. त्यानं उलटा हात पुढं केला.

तो फेकला गेला तो शेजारच्या चुरमुऱ्याच्या पोत्यावर जाऊन पडला. ताट खणखणत गेलं. दानम्मा त्याच्या छातीवर कान लावून बसली आणि माझे पाय जागचे हलेनात. वायर शेजारच्या दुकानदारानं ओढली. दानम्मानं मान वर करून "जित्ता हाय" म्हटलं, तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

तासाभरानं गुरुलिंगनं डाव्या हातानं पेटी उघडली. आत खिळ्याचं टोक फळीतून येऊन वायरीत रुतलं होतं. त्यानं पत्र्याकडं पाहिलं. खिळ्याच्या डोक्यावर माझा हिरवा रंग अजून ओला होता. पकडीनं खिळा उपसून त्यानं खिशात टाकला. दानम्मानं विचारलं, काय झालं हुतं?

"माजीच वायर घासली हुती," तो म्हणाला.

पेटी तशीच घरी गेली. दानम्मा वर्षभर गल्लीला सांगत होती की माझ्या नवऱ्याच्या निष्काळजीपणानं मी मेलेच होते. तो खाली मान घालून ऐकायचा. मीही ऐकायचो आणि गप्प बसायचो. तो कधीतरी खरं सांगेल, या भीतीनं मला घाम फुटायचा. भागूबाई कोण होतं ते मला कळलं होतं.

पुढच्या गड्ड्याआधी तो माझ्या दुकानात आला. नव्या कागदावर पत्र्यापासून जमिनीत जाणारी अर्थिंगची तार काढलेली होती. मी म्हणालो, पत्रा राहू दे, लाकडावरच रंगवतो.

"पत्राच लाव. तुजं काम चांगलं हाय," तो म्हणाला. मग खिशातून तो दोन इंची खिळा काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. "खिळं मी मारतो."

तो गेल्यावर मी खिळा उचलायला गेलो, तर हात आपोआप उलटा झाला.