सेलांखालची चिंधी

कोणी अमानवीय अनुभव सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” शाळेत विज्ञान शिकवते, खोड जात नाही. आता स्वतः पाहिलेलंच सांगायला बसलेय, तर माझं मलाच हसू येतंय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतला बमरोलीत आमच्या दोन खोल्या होत्या. माझे वडील, नाना, पॉवरलूमवर कामाला. लिहिता येत नव्हतं, म्हणून खान्देशात काकांना ते पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. आमच्या गल्लीत बरेच जण तसंच करत. नानांचा टेप छोटा, फक्त सेलवर चालणारा. सेल घालताना ते खाली कापडाची चिंधी अंथरून तिचं टोक बाहेर ठेवायचे. टोक ओढलं की सेल बाहेर.

नाना गेले तेव्हा एक कॅसेट पाठवायची राहिली होती. आईने टेप सेलसकट पेटीत ठेवला. त्यांच्या हातचं काही काढायला तिचा जीव होईना. वर्षश्राद्धाच्या आधी तिला त्यांचा आवाज ऐकावासा वाटला, तेव्हा पेटी उघडली... सेल फुटून, खार धरून आत घट्ट चिकटलेले.

कॅसेट शेजाऱ्यांच्या टेपवर लावली. पण नानांच्या टेपची मोटर मंद, त्यामुळे तिथे भरलेला आवाज दुसरीकडे बारीक आणि घाईघाईने यायचा. “नाना सुरतला जाऊन पोपट झाला,” असं काका म्हणायचे. आई मात्र उठून गेली.

“हाऊ त्यास्ना आवाज नई शे,” एवढंच म्हणाली.

मग नानांच्या टेपमधले सेल काढायच्या मी मागेच लागले. लिंबू पिळलं, पेचकस घातला, टेप उशीवर आपटला. चिंधी असेल म्हणून टॉर्च मारून कडा न् कडा पाहिली — नव्हती. खानाच तुटेल म्हणून रिपेरिंगवाल्याने हात टेकले. “बेन, जोर करीश तो खानुं तूटी जशे.”

घरी येऊन तरीही मी पेचकस उचलला, तर आईने हात धरला. “ऱ्हाऊ दे आते. मोडू नको.” तिने टेप नानांच्या फोटोपुढे ठेवला. आम्ही दोघी आत चहा करायला गेलो. दुपार होती, बाहेरच्या दाराला कडी होती.

चहा घेऊन आलो, तर सेलच्या खान्यातून निळ्या चिंधीचं टोक लोंबत होतं.

मी ओढलं. सेल एकामागून एक बाहेर आले, जोर लावावाच लागला नाही. सेल गंजलेले, ओलसर. चिंधी मात्र कोरी, एक डाग नाही.

खान्यातल्या तारा घासून, तीच चिंधी अंथरून नवे सेल घातले. नाना सावकाश, त्यांच्या नेहमीच्या आवाजात काकांना सांगत होते, “भाऊ, मनी पोर मास्तरीण व्हयनी...” मी रडले. आई रडली नाही, कान देऊन ऐकत राहिली.

चिंधी मला आधी दिसली नसेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलंय. पण मग डाग का नव्हता? चिकटलेल्या सेलांखाली ती गेली कशी?

त्या दिवशी कॅसेट संपल्यावर आईने टेप बंद केला, चिंधीचं टोक ओढलं आणि सेल स्वतःच्या हाताने काढून ठेवले.