लेकी हरल्या त्या दिवशी

दादा सोलापुरात माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला, तेव्हा वर्गात मुली पाढे म्हणत होत्या. दादा करमाळ्याकडचा शेतकरी माणूस, अडल्याशिवाय गाडीत बसत नाही. मी बाहेर गेले. "तुजी वैनी गेली गं गोदे. तापानं," एवढंच बोलला. मी 'बरं' म्हटलं... बरं! आणि आत जाऊन उरलेला पाढा म्हणून घेतला. मग रजा मागितली. तिकिटं मीच काढली, कुर्डुवाडीला गाडी बदलताना दादाला चहाही मीच पाजला. रडू काही आलं नाही. इतके आठवडे झाले, अजून नाही. लोक म्हणतात, मास्तरणीचं काळीज दगडाचं. म्हणोत बापडे.

मथुरावैनी आमच्या घरात आली तेव्हा मी परकर नेसून गावभर हुंदडत होते. अंगानं थोराड, हसली की पलीकडच्या आळीत कळायचं. पुढं माझं लग्न झालं, आणि दुसऱ्याच वर्षी नवऱ्यानं माझा डावा हात मोडला. पडले असं सांगायचं ठरलं होतं, तसं मी सांगितलं. हात वाकडाच बसला. त्या साली पंचमीला माहेरी आले ती परत जायचं नाही असं मनाशी धरून. पण म्हणायचं कुणापाशी? आईबाप गेलेले. दादा वाईट नव्हता हो, पण चार लोक काय म्हणतील या भीतीत त्याचा निम्मा जन्म गेला. "सण झाला की पोचवतो," म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला उठला.

आमच्या गावात पंचमीच्या दुसऱ्या दिवशी वेशीत मारुतीपुढं नाडा ओढतात. विहिरीवर मोट ओढायचा तो जाड नाडा. एका अंगाला माहेरी आलेल्या लेकी, दुसऱ्या अंगाला गावच्या सुना. पुरुषांनी नुसतं बघायचं. लेकी जिंकल्या तर आणखी पाच दिवस माहेरी राहायचं, हरल्या तर दुसऱ्या दिवशी सासरची वाट धरायची. सुना जिंकल्या तर त्यांनी गावाकडं एक मागणं मागायचं आणि गावानं ते मोडायचं नाही. बहुतेक बांगड्या मागत, नाही तर दोन दिवस जात्याला सुट्टी. मला ते पाच दिवस हवे होते. पाच दिवसांत काही सुचेल, कुणाला तरी दया येईल... वेडी आशा, दुसरं काय!

मी धडक्या उजव्या हातानं नाडा धरला. समोर सुनांच्या पुढं वैनी, पदर खोचून, टाचा मातीत रोवून उभी. मला वाटलं, ही तरी जरा सैल सोडील. छे! खालचा ओठ दातात धरून, माझ्या डोळ्यांत बघत, बयेनं असा हिसडा दिला की आम्ही लेकी एकीवर एक चिखलात. सुना नाचायला लागल्या. मी तशीच बसून राहिले. त्या घटकेला तिचा जेवढा राग आला तेवढा नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

पाटील हसत म्हणाले, "हं मथुराबाई, बोला. बांगड्या का जात्याला सुट्टी?"

वैनीला धाप लागली होती. "आमच्या वन्संला सासरी धाडायचं न्हाई."

"किती दिस?"

"कवाच न्हाई. तिचा हात बगा की. कुणी मोडला ते इचारा तिला."

दादानं मान खाली घातली. "अगं, हे कसलं मागणं?" पाटील म्हणाले.

"मागणं ते मागणं. बांगड्या देताना कसल्या म्हून इचारता व्हय?"

पाटलांनी मारुतीकडं बघितलं, दादाकडं बघितलं आणि मान हलवली. घरी आल्यावर चुलीपाशी माझ्या अंगावरचा चिखल पुसताना वैनी म्हणाली, "तुमी जिकला असता तर पाचच दिस मिळालं असतं. तेवड्यात काय व्हणार हुतं? म्हून वढलं. लई लागलं का वो?"

मी राहिले. गावानं नावं ठेवली, ती वैनीनं परस्पर निस्तरली. गावच्या मास्तरांकडं शिकले, सातवीची फायनल पास झाले, सोलापूरला नोकरी लागली. पण घर म्हणजे तेच. दादाचं म्हणून नव्हे, वैनीच्या शब्दावर ते माझं होतं. सुट्टी संपून मी निघाले की चुलत्या तिला म्हणायच्या, लेक निघाली, ओटी भर. माहेरवाशीण निघताना ओटीत तांदूळ, खण, नारळ घालायची रीत. वैनीनं इतक्या वर्षांत एकदाही भरली नाही. "जाणारीची भरत्यात. ह्या कुटं जात्यात? कामावर चालल्यात, येतील की," असं म्हणून पुन्हा चुलीत फुंकर घालायची. दारापर्यंतसुद्धा यायची नाही.

यंदा पंचमीला दुखवटा काढायला म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी वेशीतही जाऊन उभी राहिले. सुनांच्या पुढं दादाची नवी सून शेवंता होती. लेकी जिंकल्या. मीही टाळ्या वाजवल्या, वाजवायच्या म्हणून. आत काही हललं नाही. लेकींना पाच दिवस मिळाले, मला मात्र शाळा होती.

निघायच्या दिवशी शेवंतानं माजघरात पाट मांडला. गुणाची पोर, कुठं शिकली असेल तशी नीट करत होती. "आत्याबाई, बसा की," म्हणाली. हातात सूप, त्यात तांदूळ, खण, नारळ. मी चुलीकडं बघितलं... कुणीतरी तिकडून खेकसेल म्हणून. कुणी खेकसलं नाही. दादा माझी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा होता. मी पाटावर बसले, पदर पसरला.

"सावकाश जावा. पुन्यांदा या," शेवंता म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं.

ओटीचे तांदूळ शिजवून खायचे असतात. इथं माझ्या खोलीत ते फडताळात तसेच आहेत, खणात बांधलेले. रोज स्वयंपाकाला लागले की त्यांना हात लागतो. मी ते बाजूला सारते आणि डब्यातले दुसरे घेते.