सारजाबाईंवरचा आरोप

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण सारजाबाईंचं जे झालं त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

सारजाबाई आमच्या पाटोद्याजवळच्या वस्तीवरच्या. सारा जन्म मेंढरांमागं गेला. आजारी कोकरू स्वतःच्या घोंगडीत घेऊन झोपणारी बाई. त्यांची सून रोहिणी मेंढरांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायची. लोक बघायचे, बाई पदराआडून हसायच्या.

पौषात एक कोकरू जन्मलं, ते श्वासच घेईना. नाकातोंडात चिकट पाणी अडकलं होतं. बाईंनी त्याचे मागचे पाय धरले आणि जोरात झुलवलं. पाणी बाहेर पडलं, कोकरू ओरडलं. आम्ही मेंढपाळ असंच करतो. रोहिणीनं तेही टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती सारजाबाईंना घेऊन धावत माझ्याकडं आली. तिचं व्हिडिओंचं खातं बंद झालं होतं. मी चष्मा लावून वाचलं, "प्राण्यांवरील क्रूरतेमुळे हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे."

"आप्पा, क्रूरता म्हंजी काय वो?" सारजाबाईंनी विचारलं.

रोहिणी म्हणाली, "आत्याबाई, तुमी कोकराचा छळ केला म्हनत्यात."

बाई म्हणाल्या, "म्या? कोन म्हनतंय? त्याला बलाव हितं."

रोहिणीनं तक्रारीचं बटण दाबलं. मी चष्मा पुसतोय तोवर उत्तर आलं, निर्णय कायम. तेवढ्यात तो व्हिडिओ कुणाचा बघूनसुद्धा झाला नसता.

"मशीनच ठरवतं, आप्पा," रोहिणी म्हणाली.

"मानूस न्हाईच?" मी विचारलं.

"न्हाई."

बाई म्हणाल्या, "खातं गेलं तर जाऊ द्या. तेवढा शबुद काढा म्हनावं."

पण म्हणायचं कुणाला? आम्ही तहसीलात गेलो, पोलिसांकडं गेलो. सगळीकडं एकच, "ते आमच्या हातात नाही." मग कुणाच्या हातात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी बाईंनी बिरोबाच्या देवळापुढं वस्तीची बैठक बोलावली. आमच्याकडं आरोप करणाऱ्यानं समोरच्या घोंगडीवर बसून बोलायचं असतं. बाईंनी त्या घोंगडीवर फोन ठेवला.

"बोल की रं!" आमच्यातला बजरंग त्या फोनवर खेकसला. "आता का गप हाईस?"

एरवी सगळे हसले असते. वस्तीतले थोरले गहिनीनाथ म्हणाले, "सारजा, तुजा हात आमाला म्हाईत हाय. पर म्हननारा म्होरं आल्याबिगर मिटलं असं कसं म्हनू?"

फोनचा उजेड विझला. बाईंनी त्याला हात लावला नाही. रोहिणीनं उचलला.

परवा पुन्हा एक कोकरू तसंच जन्मलं. मी तिथंच होतो. बाईंनी मागचे पाय धरले, उचललं आणि थांबल्या. मान वळवून रोहिणीच्या हातांकडं बघत राहिल्या. कोकरू लोंबकळत होतं.

"आत्याबाई, फोन घरात हाय! झुलवा की!" रोहिणी ओरडली.

मग झुलवलं. कोकरू जगलं. पण त्या हातांना थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.