दुसरं किट

उद्या सकाळी नऊ वाजता त्या बाईचं नाव यादीतून काढतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. रात्रीचे दीड वाजलेत. लेक शेजारच्या खोलीत शांत झोपली आहे, आणि मी मात्र एका परक्या बाईच्या नोकरीच्या काळजीने स्वयंपाकघरात लिहीत बसले आहे.

वॉर्डात त्यांना सगळे 'थांबा सिस्टर' म्हणतात. पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तरुण डॉक्टर त्यांना बघून म्हणतात, "चला, ब्रेक आले." त्या हसत नाहीत, पण रागावतही नाहीत. बारा वर्षं कंत्राटावर काढली आहेत. कायम करायच्या यादीत नाव लागलं ते यंदा, पहिल्यांदाच.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती पैशांवरून. लेकीला रक्ताचा आजार, औषधाच्या आठ फेऱ्या. चौथ्या फेरीपर्यंत हाताच्या शिरा पार थकल्या, म्हणून मानेतून सेंट्रल लाइन टाकायची ठरली. मोठ्या शिरेतून थेट हृदयाच्या तोंडापर्यंत जाणारी नळी. खर्च किती, असं बिलाच्या खिडकीवर विचारलं, तर आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "धरा बारा-पंधरा हजार." बारा की पंधरा? तीन हजारांत आमच्या घरी आठवड्याचं वाणसामान येतं.

मी तिथेच घुटमळत होते. सिस्टरांनी मला बाकावर बसवलं आणि औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं. डॉक्टरांची फी सहा हजार. किट चार हजार आठशे. सोनोग्राफीचं मशीन बाराशे, नंतरचा एक्स-रे सहाशे, भूल आणि पट्ट्या मिळून नऊशे. "साडेतेरा झाले. आणि नळी निघेपर्यंत दर आठवड्याला पट्टी बदलायचे अडीचशे. हे आधी कोणी सांगत नाही, मग माणसं पट्टी बदलायला येतच नाहीत, आणि पोरं तापाने फणफणतात."

"किट म्हणजे काय असतं हो?"

"सुई, तार, नळी, कापड. पाकीट एकदा फोडलं की वापरा नाहीतर टाका. त्याच्यावरचा स्टिकर फायलीत चिकटतो, आणि जितके स्टिकर तितकं बिल."

नळी टाकायच्या दिवशी मला आत घेतलं, कारण लेक माझा हात सोडेना. टोपी, मास्क, ढगळ गाऊन. सिस्टरांनी मला तिच्या उशाशी उभं केलं. "इथून हलायचं नाही. निळ्या कापडाला हात लावायचा नाही." सगळं ठीक चाललं होतं. सुई शिरेत गेली, डॉक्टरांनी तिच्यातून आत सरकवायची तार उचलली, आणि लेक कण्हली. मी काहीही केलं नाही, फक्त थोडी पुढे वाकले. कुठल्याही आईने केलं असतं तेवढंच.

"थांबा."

आवाज मोठा नव्हता. तरी डॉक्टरांचा हात हवेतच राहिला.

"तार लागली, सर."

"कशाला? मला तर काही दिसलं नाही."

"मला दिसलं."

मलाही काही जाणवलं नव्हतं. निर्जंतुक केलेली केसाएवढी बारीक तार, तिचं लोंबतं टोक, आणि माझ्या गाऊनची बाही. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ. पण त्याच टोकावर बसून कुठला जंतू माझ्या मुलीच्या रक्तात गेला असता, आणि त्या आठवड्यात तिच्या अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टरांनी दोन क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग सुई काढून शिरेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, "दुसरं उघडा." सिस्टरांनी नवं पाकीट फोडलं, आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. इतक्या शांतपणे, की लेकीला आजतागायत पत्ता नाही.

घरी आल्यावर बिल पाहिलं. साडेतेरा हजार. किट एकच. मला वाटलं, चुकून राहिलं असेल, आणि मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण बसले खरी.

आज पट्टी बदलायला गेलो, तेव्हा वॉर्डातल्या मावशी माझ्या कानाशी लागल्या. "सिस्टरांना मेमो आलाय. किट वाया घालवलं म्हणून. उद्या नऊला बैठक आहे, यादीतून नाव उडणार म्हणतात. बाईने स्वतःच लिहून दिलंय हो, माझा हात लागला म्हणून!"

सिस्टर लेकीच्या मानेवरची पट्टी सोडवत होत्या. मी थेट विचारलं, "असं का लिहिलंत?"

"हळू बोला. किट वाया कोणामुळे गेलं, त्याला फॉर्मात दोनच रकाने असतात, नातेवाईक किंवा कर्मचारी. नातेवाईक लिहिलं की किट तुमच्या बिलात."

"दिले असते आम्ही!"

"दिले असतेत. पण मग पुढच्या वेळी नळी बदलायची झाली, तर आईला आत घेत नाहीत. ही तुमच्या हाताशिवाय मान न हलवता पडून राहील का?"

"अहो, पण तुमची नोकरी—"

"माझे वडील विजेच्या खांबांवर चढायचे. वीज बंद आहे असं दहा जणांनी सांगितलं, तरी आधी टेस्टर लावायचे. लोक हसायचे. थांबा म्हणायची सवय त्यांचीच." त्यांनी नवी पट्टी चारही कडांनी दाबून बसवली. "खोटं लिहायची मात्र माझी. ते असते तर कान उपटला असता. जा आता, पुढच्या मंगळवारी या."

बारा वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली, तो त्यांनी माझ्या बाहीपायी सोडून दिला, आणि वर मला मंगळवारची वेळ दिली. एवढं मोठं मन माणसाला येतं तरी कुठून!

रात्री जेवताना मी घरात सगळं सांगितलं. नवऱ्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "चार हजार आठशे भरू कुठून तरी. पण तुला आत नाही घेतलं तर?"

"तर मी दाराबाहेर उभी राहीन."

"आणि लेक?"

ती घाबरेल. कदाचित रडेल. पण त्या खोलीत 'थांबा' म्हणणारं कोणी असायला हवं, आणि ती मी नाही. माझीच बाही तर तारेला लागली होती.

सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रनबाई सध्या रात्रपाळीला असतात, सकाळी सातला घरी जातात. बैठकीआधी त्यांच्याच सहीने मेमो वर जाणार. वॉर्डाचा नंबर माझ्याकडे आहे. दोन वाजायला आले. आधी सांगायचं की बाही माझी होती, मग किटचे पैसे भरायचं विचारायचं. लावते फोन.