पाठ केलेली परीक्षा

क्लासच्या सरांनी ती फाइल आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच पाठवली आणि म्हणाले, "आता पुस्तकं बंद करा. परीक्षेत हेच येतं. शब्दाशब्दाला हेच."

वसई पूर्वेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी हा क्लास भरायचा. आम्ही दहा-बारा जण होतो, बहुतेक नुकते कॉलेजातून बाहेर पडलेले. चाळिशीची मी एकटीच. मी फाइल उघडली. सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणपत्र परीक्षेतले खरे प्रश्न कुणीतरी चोरून एकाखाली एक उतरवले होते आणि बरोबर उत्तरावर पिवळा रंग फासला होता. शेजारची मुलगी खुशीत पानं सरकवत होती. कुणाच्या तरी ताटातलं उष्टं आपल्या पुढ्यात यावं तसं मला झालं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि त्या दिवशी लवकर निघाले.

या क्लासला मी हौसेनं गेले नव्हते. गोखिवऱ्याला पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवण्याचा एक छोटा कारखाना आहे, तिथल्या ऑफिसात मी बारा वर्षं ग्राहकांच्या तक्रारी घेत होते. फोन आला की वहीत नाव, पत्ता, तक्रार लिहायची आणि कारागिराला पाठवायचं. आवाजावरून मी माणसं ओळखायचे. कोणाकडे लहान बाळ आहे, कोणाच्या इमारतीत लिफ्ट बंद असते, सगळं समासात लिहिलेलं असायचं. मग कंपनीनं ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. मॅनेजर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, वही आता बंद. या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिन तुम्ही व्हा. पण प्रमाणपत्र पाहिजे. आपल्या डीलर लोकांवर छाप पडते."

अ‍ॅडमिन म्हणजे सॉफ्टवेअरचा कारभार बघणारा. कोणाला आत घ्यायचं, कोणाला काय दिसू द्यायचं, हे त्यानं ठरवायचं. मला ते काम आवडेल असं वाटलं होतं, आणि सुरुवातीला आवडलंही. शिकणाऱ्यांसाठी सरावाची एक फुकट जागा असते. तिथं मी खोटी कंपनी उघडली, खोटे ग्राहक भरले. पहाटे उठून तासभर बसायचे. एकच भाग काही केल्या डोक्यात शिरत नव्हता, तो म्हणजे कोणाला कोणाची माहिती दिसते त्याचा. त्याचे थर असतात. सगळ्यात खालचा थर बंद ठेवायचा आणि मग लागेल तेवढंच वरून उघडायचं. वाचताना पटायचं. करायला बसले की गोंधळ उडायचा.

पहिल्या खेपेला मी फाइल न बघता परीक्षा दिली आणि थोडक्यात नापास झाले. शेजारची मुलगी पास झाली. पुढच्या रविवारी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काही लोकांना प्रामाणिकपणाची हौस असते." मुलं हसली. त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला.

तरीही त्याच आठवड्यात मी फाइल उघडली. साहेब दोनदा विचारून गेले होते, डीलरांची बैठक जवळ आली होती, आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणाला शिकवावं अशी कुजबुज ऑफिसात सुरू झाली होती. कारणं मी मोजून ठेवली होती. त्यातलं एकही फारसं मोठं नव्हतं.

गास गावात आमची भाजीची थोडी वाडी आहे. घरी मी आणि बाबा. सकाळी बाबा वांग्यांना पाणी सोडत असायचे आणि मी बांधावरून येरझाऱ्या घालत उत्तरं पुटपुटत असायचे. एकदा बाबांनी पाण्याची नळी खाली ठेवली.

"काय म्हनतेस ते?"

"परीक्षेची उत्तरं."

"समजतंय का तुला?"

"सगळं नाही."

"मंग पाठ कशाला करतेस?" असं म्हणून त्यांनी नळी पुढच्या सरीत लावली. मी पुन्हा बांधावरून पुटपुटत चालायला लागले.

एका प्रश्नाचं उत्तर मला चुकीचं वाटलं. सरावाच्या जागेत करून बघितलं तर खरंच चुकीचं निघालं. मी सरांना फोन केला.

"मॅडम," ते म्हणाले, "करून कशाला बघता? फाइलीत आहे तेच मारा."

दुसरी परीक्षा घरूनच दिली, कॅमेऱ्यासमोर. पलीकडून देखरेख करणाऱ्यानं टेबलाखालची जागा दाखवायला लावली, कान दाखवायला लावले, बाह्या वर करायला लावल्या. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवायला सांगितलं. मी सगळं मुकाट्यानं केलं. त्याला खोलीत काहीच सापडलं नाही, कारण चोरीचा माल माझ्या डोक्यात होता. प्रश्न समोर आला की तो पूर्ण वाचायचीसुद्धा गरज पडत नव्हती. पहिले चार शब्द दिसले की पिवळी ओळ आठवायची. अर्धा वेळ उरला. पास झाल्याचं पडद्यावर आलं तेव्हा मी मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली.

साहेबांनी पेढे वाटले. प्रमाणपत्राची चौकट करून ऑफिसात, देवाच्या तसबिरीच्या शेजारी लावली. येणारा-जाणारा अभिनंदन करायचा. मी थँक्यू म्हणायचे आणि स्वतःच्या आवाजाचाच मला वीट यायचा.

मग मी सॉफ्टवेअर मांडलं. वहीतली सगळी माहिती आत भरली, समासातलीसुद्धा. कारागिरांना आणि डीलरांच्या माणसांना पासवर्ड दिले. कोणाची काही तक्रार आली नाही, सगळ्यांना सगळं दिसत होतं. मला वाटलं, जमलं.

दोनेक महिन्यांनी विरारहून एक बाई रिक्षा करून थेट ऑफिसात आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या ग्राहक. मी त्यांना फोनवरच ओळखत होते, कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि विचारलं, "तुमच्याकडच्या किती माणसांना माझं घर माहीत आहे?"

"काय झालं, बाई?"

"काल दुपारी एक माणूस आला. नवीन मशीन घ्या म्हणाला. मी नको म्हटलं तर दारात पाय घालून उभा राहिला. म्हणाला, तुम्ही एकट्याच राहता ना, मग विचारायचं कोणाला आहे? मी एकटी राहते हे त्याला कोणी सांगितलं?"

ते मीच सांगितलं होतं. वहीच्या समासात पूर्वी मी लिहून ठेवलं होतं, 'एकट्या राहतात, दार उघडायला वेळ लागतो, थांबावे.' कारागिरानं बेल वाजवून निघून जाऊ नये म्हणून. ती ओळ मी जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये उतरवली होती, आणि आता ती दुसऱ्याच भागातल्या डीलरचा विक्रेतासुद्धा वाचत होता.

बाई गेल्यावर मी सेटिंग उघडून बघितलं. सगळ्यात खालचा थर उघडा होता. मीच उघडा ठेवला होता. नेमका हाच प्रश्न परीक्षेत आला होता. मी 'सी' पर्याय निवडला होता आणि तो बरोबर होता. पण 'सी' म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं.

मी साहेबांना सगळं सांगितलं, फाइलीसकट. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "त्या माणसाला डीलर समज देईल. तुम्ही तक्रार बंद करून टाका. फाइलीचं कोणाला बोलू नका."

"तक्रार बंद कशी करू? सगळ्यांची माहिती अजून उघडी आहे."

"मग ती हळूहळू करा ना. डीलरांचं काम अडता कामा नये."

मी हळूहळू केलं नाही. त्याच दुपारी खालचा थर बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून डीलरांचे फोन सुरू झाले, आम्हाला काहीच दिसत नाही म्हणून. साहेब माझ्यावर चिडले. मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं, सरावाच्या जागेत करून बघत गेले आणि तीन दिवसांनी ज्याचं त्याला दिसेल असं बसवलं. इतके महिने जे कळत नव्हतं ते तीन दिवसांत कळलं, याचाही मला रागच आला. समासातल्या ओळी एकेक करून पुसल्या.

शनिवारी मी विरारला बाईंकडे गेले. त्यांनी आधी साखळी लावूनच दार उघडलं. मी नाव सांगितल्यावर आत घेतलं. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कॉपी केलीत."

"हो."

"बत्तीस वर्षं मी कॉपी करणारी मुलं पकडली. त्यांचं काय व्हायचं? फार तर एक पेपर जायचा. तुमच्या कॉपीनं माझ्या दारात माणूस उभा राहिला." आवाज चढला नव्हता. "माझं नाव तुमच्या यादीतून काढून टाका. मशीन मी दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेईन."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, मोबाइलवरून त्यांची नोंद काढून टाकली. त्यांनी चष्मा लावून पडदा नीट बघितला आणि दार उघडून दिलं. चहा विचारला नाही. मला ते बरोबरच वाटलं.

क्लासच्या सरांनी त्यानंतर यशस्वी विद्यार्थ्यांचा बॅनर लावला. प्रवेश अर्जावरचा माझा फोटो त्यात होता, चेहरा गोरा करून. मी जाऊन काढायला सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, उलट तुमची फुकट जाहिरात होतेय." दोन वेळा सांगून झालं. तिसऱ्या वेळी मी घरून कात्री नेली, स्टूल मागून घेतलं आणि माझा चौकोन कापून आणला. खाली चहावाल्याकडे उभी असलेली माणसं बघत होती.

ऑफिसातली चौकटही मी उतरवून कपाटात ठेवली आहे. साहेबांनी दोनदा विचारलं, मी विषय बदलला. प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला खरं कळवायचं म्हणून एक ईमेल लिहून ठेवला आहे. काम आता मला नीट येतं, त्यामुळे कळवून काय साधणार, असं मी स्वतःला समजावते. मग स्वतःचीच किळस येते. ईमेल उघडते, एखादा शब्द बदलते. अजून पाठवलेला नाही.